मनाची कचेरी
‘गीतारहस्या’च्या सहाव्या प्रकरणाविषयी काही विचार

लोकमान्य टिळकांचे ‘श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यास आता शतकाहून अधिक काळ लोटला. या ग्रंथाविषयी मराठीत जे विपुल लेखन झाले, त्यातील बहुतेक एकाच वादाभोवती घोटाळत राहिले आहे : गीता संन्यासपर की कर्मपर? हा वाद महत्त्वाचा आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु त्याच्या धुरळ्यात ग्रंथाचे सहावे प्रकरण झाकले गेले, अशी आमची समजूत आहे. ‘आधिदैवतपक्ष व क्षेत्रक्षेत्रज्ञविचार’ असे त्याचे भारदस्त नाव. पहिल्या पाच प्रकरणांतील नीतिचर्चा वाचून झालेला वाचक येथे किंचित थबकतो, आणि पुढच्या सांख्यविचाराकडे जाण्याची पायरी एवढेच त्याचे महत्त्व मानून पाने उलटतो. वस्तुतः कर्म करणारा तो कोण आणि कर्म घडते ते नेमके कोठे, या प्रश्नाचे टिळकांचे उत्तर याच प्रकरणात आहे. ‘कर्मयोगशास्त्र’ हे नाव धारण करणाऱ्या ग्रंथाची परीक्षा या उत्तरावरून झाली पाहिजे.

केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करून उदरनिर्वाह करणाऱ्या आमच्यासारख्या वाचकास हे प्रकरण जवळचे वाटावे, याला आणखी एक कारण आहे. मनुष्याच्या अंतःकरणाचे जे चित्र टिळकांनी येथे रेखाटले आहे, ते कचेरीचे आहे.

प्रथम ते चित्र पाहू. मनुष्याचा देह हा एक मोठा कारखाना आहे, असे टिळक म्हणतात. ज्ञानेंद्रिये ही बाहेरचा माल आत आणणारी दारे, तर कर्मेंद्रिये ही आतला माल बाहेर पाठविणारी दारे. आत आलेल्या मालाची व्यवस्था लावणारी दोन अंतरिंद्रिये म्हणजे मन आणि बुद्धी. यांतील भेद स्पष्ट करण्यासाठी टिळक न्यायकचेरीत शिरतात. मन हे वकिलासारखे आहे. ही गोष्ट अशी आहे की तशी आहे, अशा कल्पना ते बुद्धीपुढे मांडते; स्वतः निर्णय करीत नाही. म्हणून ते संकल्पविकल्पात्मक. बुद्धी ही न्यायाधीश. सारासार पाहून निश्चय करणे एवढेच तिचे काम. म्हणून ती व्यवसायात्मक. निश्चय झाला की तो कर्मेंद्रियांपर्यंत पोचवून अंमलात आणविण्याचे काम पुन्हा मनाकडेच येते. म्हणजे मन हे निकालापूर्वी वकील आणि निकालानंतर नाझर. महाभारतातील शांतिपर्वात मनास ‘व्याकरणात्मक’ म्हटले आहे, त्याचा अर्थही टिळक असाच लावतात.

या मांडणीचा हेतू ध्यानात घेतला नाही, तर तिच्यावर अन्याय होईल. पाश्चात्त्य नीतिशास्त्रातील एका पक्षाचे म्हणणे असे की, बरेवाईट ओळखणारी एक स्वतंत्र देवता ईश्वराने प्रत्येकाच्या हृदयात बसविली आहे. तिला विचारावे आणि वागावे. टिळकांना हे मान्य नाही. हिशेबातील चूक ओळखणारी बुद्धी आणि अधर्म ओळखणारी बुद्धी या दोन नाहीत, असे ते बजावतात. निर्णय करणारी शक्ती एकच. ती शुद्ध असेल तर निर्णय शुद्ध, ती मलिन असेल तर निर्णय मलिन. सदसद्विवेकाला देव्हाऱ्यातून उठवून न्यायासनावर बसविण्याचे हे काम मोठे आहे. ज्याला आपण आतला आवाज म्हणून डोक्यावर घेतो, त्याचीही तपासणी करता येते आणि केली पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो.

हे चित्र न्यायालयाचेच का असावे, याचा विचार टिळकांच्या टीकाकारांनी फारसा केलेला आढळत नाही. टिळक हे कायद्याचे पदवीधर होते आणि पुण्यात त्यांनी कायद्याचा वर्गही चालविला होता. परंतु एवढ्याने उलगडा होत नाही. या ग्रंथाचा कच्चा खर्डा १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने लिहिला गेला. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९०८ च्या जुलैमध्ये, मुंबई हायकोर्टात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला होता. ‘केसरी’तील ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख त्या खटल्याच्या मुळाशी होते. नऊ ज्यूरर्सपैकी सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोषी. आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्माविली. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. जो माणूस एकदा आपली बाजू मांडीत होता तोच पुढे आपला निकाल देताना ज्याने पाहिला, त्याने वकील आणि न्यायाधीश या दोन भूमिकांतील अंतर नुसत्या पुस्तकातून ओळखलेले नाही.

त्या खटल्यातील वादाचा गाभाही आमच्या प्रस्तुत विषयाचाच होता. आरोपीचा हेतू काय होता? शब्द तर समोर छापलेले होते. पण हेतू कोणी पाहिला? सरकारपक्षाने टिळकांच्या घरी सापडलेले एक कार्ड पुढे केले. त्यावर स्फोटक द्रव्यांविषयीच्या पुस्तकांची नावे होती. टिळकांचे म्हणणे असे की, स्फोटकांविषयी नवा कायदा होत होता आणि त्यावर लिहिण्यासाठी ती माहिती हवी होती. कागद एकच, त्यातून दोन पक्षांनी दोन मने वाचली. मन हे कोणाच्या हाती लागत नाही. ते हाताने केलेल्या गोष्टींवरून ताडावे लागते. हा अनुभव घेऊन मंडालेस गेलेला मनुष्य अंतःकरणाचा विचार करू लागला तेव्हा त्यास आतही एक कोर्टच दिसले, यात नवल नाही. फरक इतकाच की, या आतल्या कोर्टात न्यायाधीशास वकिलाचे मन वाचावे लागत नाही. येथे सर्व कारभार उघड चालतो, असे टिळक गृहीत धरतात.

आमचा पहिला आक्षेप या गृहीतावर आहे, आणि तो कारकुनाचा आक्षेप आहे. कचेरीत प्रकरण कसे चालते, ते ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पत्र आवक होते. कारकून त्यावर टिपणी लिहितो : मजकुराचा सारांश, लागू असणारे नियम, पूर्वीचे दाखले आणि शेवटी ‘आदेशार्थ सादर’. मग कागद पायरीपायरीने वर चढतो आणि अधिकाऱ्याची सही होऊन उतरतो. हल्ली कागदाची जागा पडद्याने घेतली आहे, पण टिपणीचे तंत्र बदललेले नाही. नियमाप्रमाणे निर्णय अधिकाऱ्याचा असतो; कारकून केवळ मांडतो. आता एखाद्या विधवेच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचे प्रकरण कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. दोन कागदांवरील जन्मतारखेत एका दिवसाचा फरक आहे. तो फरक टिपणीच्या पहिल्या ओळीत ‘विसंगती’ या शब्दाने आला, तर प्रकरण खुलाशासाठी परत जाते आणि त्या बाईचे सहा महिने जातात. तोच फरक शेवटच्या परिच्छेदात, ‘हक्कास बाधा येत नाही’ अशा शब्दांसह आला, तर सही होते. दोन्ही टिपण्या खऱ्या आहेत. दोन्हींत निर्णय अधिकाऱ्याचाच आहे. पण त्या बाईच्या आयुष्यात जे घडले ते कोणी केले? कोणता दाखला जोडावा, कोणता वगळावा, काय आधी सांगावे, काय नंतर, यातच पुष्कळदा निकाल होऊन चुकलेला असतो. सही मागाहून येते.

मन जर खरोखर बुद्धीपुढे प्रकरणे मांडीत असेल, तर तेही हेच करीत असले पाहिजे. संकल्पविकल्प हे निकालापूर्वीचे निर्दोष कागदपत्र आहेत आणि कर्माचा आरंभ निकालानंतर होतो, ही कल्पना म्हणून टिकत नाही. मांडणे हेच एक कर्म आहे. लोभी माणसाची बुद्धी ‘लोभ करावा’ असा निकाल क्वचितच देते. तिच्यापुढे प्रकरण येते तेच मुळी ‘मुलांच्या भवितव्याची तरतूद’ या मथळ्याखाली. निकाल कायद्याला धरून होतो, आणि माणूस स्वतःस लोभी समजत नाही.

विशेष म्हणजे टिळकांनीच दिलेल्या एका उदाहरणात हे दिसून येते. आधिभौतिक सुखवादाचे खंडन करताना ते अमेरिकेतील एका मोठ्या शहराची गोष्ट सांगतात. तेथे लोकांच्या सोयीसाठी ट्रामगाड्या सुरू करावयाच्या होत्या; परवानगीस विलंब होत होता; तेव्हा व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन ती लवकर मिळविली. ट्राम झाली, लोकांची सोय झाली, पुष्कळांचे पुष्कळ सुख साधले. तरी प्रकरण उघडकीस आल्यावर त्यास शिक्षा झाली. कर्माच्या बाह्य परिणामावरून त्याची योग्यता ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, हा त्यावरून टिळकांनी काढलेला निष्कर्ष. निष्कर्ष बिनतोड आहे. परंतु आम्ही विचारतो की, त्या व्यवस्थापकाच्या अंतःकरणात कोर्ट भरले असेल तेव्हा वकिलाने काय मांडले असेल? ‘लाच द्यावी काय?’ असे खचित नसेल. ‘लोकांचा खोळंबा किती दिवस चालू द्यावा?’ असेच असेल. वाईट जे घडले ते निकालाच्या आधी, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला गेला त्यात घडले.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञांच्या ओळखीचा आहे. देकार्तने १६४१ साली मन आणि शरीर ही दोन भिन्न द्रव्ये ठरविली. खलाशी जहाजात बसतो तसे मन शरीरात बसलेले नाही, ते त्यात मिसळून गेलेले आहे, असेही त्याने त्याच ग्रंथात सांगितले. तथापि हे मिसळणे कसे, हे त्यास सांगता येईना. १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्यास पत्रातून साधाच प्रश्न केला : ज्यास आकार नाही, स्पर्श नाही, असे मन शरीरास हालवते कसे? देकार्तच्या उत्तरांनी तिचे समाधान झाले नाही. टिळकांवर हा आक्षेप जसाच्या तसा येत नाही, हे सांगितले पाहिजे. सांख्यांच्या परिभाषेत मन आणि बुद्धी या दोन्ही प्रकृतीच्याच विकृती आहेत, देहही प्रकृतीचाच. म्हणजे न्यायाधीश, नाझर आणि हातपाय हे सारे एकाच मातीचे. आत्मा तेवढा निराळा. येथे आमची परंपरा देकार्तच्या पुढे होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

पण १९४९ साली गिल्बर्ट राईल या इंग्रज तत्त्वज्ञाने जो आक्षेप काढला, तो मात्र आतल्या प्रत्येक कचेरीवर लागू पडतो. शहाणपणाने केलेल्या कर्माच्या आधी आत एक विचाराचे कर्म झालेले असते, असे जर म्हटले, तर ते विचाराचे कर्म तरी शहाणपणाने केलेले असले पाहिजे. मग त्याच्या आधी आणखी एक विचार हवा. त्याच्या आधी आणखी एक. न्यायाधीशाच्या डोक्यातही एक वकील आणि एक न्यायाधीश बसवावा लागतो. ही साखळी कोठे तरी तोडावयाची असेल, तर मान्य करावे लागेल की, काही कर्मे स्वतःच शहाणी असतात. त्यांचे शहाणपण अगोदर दुसरीकडे तयार होऊन येत नाही. सनईवाद्याची बोटे, सुताराचा रंधा, लेकराला निजविणाऱ्या आईचा थोपटणारा हात यांच्या मागे निकालपत्र शोधण्यात अर्थ नाही.

येथे आम्हांस मराठी भाषेची साक्ष काढावीशी वाटते. परमुलखात राहणाऱ्यास आपल्या भाषेतील वाक्प्रचार थोडे निराळे ऐकू येतात. घरी जे कानाआड होते, ते चारचौघांत कानडी बोलून घरी परतल्यावर नव्याने ऐकू येते. समर्थांनी मनाला हाक मारून उपदेश केला, आणि तेव्हापासून मनाला समोर बसवून बोलण्याची आम्हांस सवय आहे. पण त्याच भाषेत दुसराही एक कारभार चालतो. एखादी गोष्ट पुरती शिकून झाली की आपण ती ‘अंगवळणी पडली’ म्हणतो. ‘मनवळणी’ असा शब्द मराठीत नाही. वाईट काम करताना ‘हात धजत नाही’, खोटे बोलताना ‘जीभ रेटत नाही’, घर सोडताना ‘पाऊल निघत नाही’. निकाल झालेला असूनही येथे हात, जीभ आणि पाऊल नकार देतात. आणि जबाबदारीविषयी तर मराठी माणूस मनाचे नावही काढीत नाही. काम ‘अंगावर घेतात’, त्यातून ‘अंग काढून घेतात’, आणि चुकले तर ते ‘अंगाशी येते’. कर्माचा धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर आमच्या भाषेने शतकानुशतके ‘अंग’ असे दिले आहे. टिळकांच्या चित्रात हे अंग फार तर माल बाहेर पाठविणारे दार आहे.

मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ या १९४२ च्या कादंबरीचा उल्लेख येथे अस्थानी होणार नाही. मर्ढेकरांनी आकाशवाणीत सरकारी नोकरी केली आणि १९५६ साली दिल्लीत त्यांचे निधन झाले. म्हणजे कचेरी त्यांसही परकी नव्हती. मराठी कादंबरीत संज्ञाप्रवाहाची पद्धत त्यांनी या पुस्तकात आणिली. टिळकांच्या अंतःकरणात सुनावणी चालते, मर्ढेकरांच्या अंतःकरणात पूर चालतो : आठवण, आवाज, शब्दांची ओढ आणि देहाची बोच यांचा सरमिसळ ओघ. दोघांत सव्वीस वर्षांहून थोडा अधिक काळ. मराठी गद्याने एवढ्या अवधीत आतल्या न्यायासनावरील विश्वास किती गमावला, याचे हे गमक आहे. परंतु पुरात वाहणारा कोणासही जाब देऊ शकत नाही, ही मर्ढेकरांच्या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. टिळकांना जाब देणारा माणूस हवा होता.

आधुनिक शास्त्राने या वादात काही भर घातली आहे काय? १९८३ साली बेंजामिन लिबेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसास वाटेल तेव्हा हात हालविण्यास सांगितले आणि इच्छा झाल्याचा क्षण घड्याळावर टिपण्यास सांगितले. हात हालण्यापूर्वी सुमारे अर्धा सेकंद मेंदूत तयारी सुरू झालेली दिसली. इच्छेची जाणीव मात्र हालचालीपूर्वी सुमारे एक पंचमांश सेकंद. म्हणजे न्यायाधीशाच्या आधीच नाझर निघालेला! यावरून इच्छास्वातंत्र्य खोटे ठरले, असा गवगवा झाला. पुढे २०१२ साली शर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, ती तयारी म्हणजे मेंदूतील सततच्या चढउतारांची एक लाटही असू शकेल. तीत आधीच ठरलेला निर्णय वाचण्याचे कारण नाही. वाद मिटलेला नाही. मात्र लिबेट यांनी स्वतः एक गोष्ट राखून ठेविली होती : निघालेले कर्म शेवटच्या क्षणी थांबविण्याची शक्ती माणसाकडे उरते. ‘हात धजत नाही’ या आपल्या वाक्प्रचाराशी या नकाराचे नाते आम्हांस दिसते, जरी शास्त्रज्ञांस तेवढे म्हणावयाचे नसेल.

आमच्या बंगळुरात निम्हान्स ही मोठी संस्था आहे. १९५४ साली येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि १९७४ साली ती व जुने मनोरुग्णालय मिळून आजची संस्था झाली. मनाचे वैद्य आणि मज्जातंतूंचे वैद्य तेथे एकाच आवारात काम करतात. तेथील संग्रहालयात सामान्य माणसासही मानवी मेंदू हातात घेऊन पाहता येतो. सव्वा-दीड किलोचा तो करडा गोळा. त्यात न्यायासन कोठे, वकिलाची जागा कोणती, असे विचारणे हास्यास्पद आहे, हे टिळकही म्हणाले असते. पण आमचा प्रश्न निराळा आहे. रूपक म्हणून तरी हे चित्र माणसाला शहाणे करते की त्याला पळवाट देते?

या प्रश्नात किती गांभीर्य आहे, ते १९६१ साली जेरुसलेमला चाललेल्या खटल्याने जगास दाखविले. लक्षावधी ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे पाठविणाऱ्या आगगाड्यांची व्यवस्था करणारा अडॉल्फ आईखमान काचेच्या पेटीत बसून सांगत होता की, निर्णय वरिष्ठांचे होते, आपण केवळ अंमलबजावणी केली. कर्तव्य म्हणून कर्म करावे, ही कांटची शिकवण आपण पाळली, असेही तो म्हणाला. १९६२ साली त्यास फाशी झाले. हाना आरेन्ट यांनी १९६३ च्या आपल्या पुस्तकात त्याचे वर्णन विचारशून्य कारकुनासारखे केले आणि ते जगभर रूढ झाले. परंतु बेटिना श्टांगनेथ यांनी २०११ साली त्याच्या अर्जेंटिनातील कागदपत्रांवरून दाखविले की, हा मनुष्य कडवा द्वेष्टा होता आणि कारकुनाचे सोंग त्याने कोर्टासाठी घेतले होते. आमच्या विषयाच्या दृष्टीने ही दुरुस्ती अत्यंत महत्त्वाची आहे. ‘मी केवळ नाझर’ हे म्हणणे पुष्कळदा वस्तुस्थितीचे वर्णन नसते. ते वासनेने घेतलेले लपण असते. गीतेच्या अठराव्या अध्यायात, ज्याची बुद्धी लिप्त होत नाही तो मारूनही मारत नाही, अशा आशयाचे वचन आहे. आतल्या कचेरीचे चित्र आणि हे वचन एकत्र वाचणाऱ्या लबाड माणसाच्या हाती काय पडू शकते, हे सांगावयास नको.

टिळकांना हा धोका दिसत नव्हता, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. सहाव्या प्रकरणातच त्यांनी बुद्धी या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले आहेत : निश्चय करणारी व्यवसायात्मक बुद्धी, आणि त्या निश्चयानुसार अथवा त्याविरुद्ध उठणारी वासनात्मक बुद्धी. पहिली स्थिर झाल्याशिवाय दुसरी शुद्ध होत नाही, आणि दुसरी शुद्ध झाली की नाही हे माणसाच्या आचरणावरून ओळखावयाचे. बाराव्या प्रकरणातील सिद्धपुरुषाची कसोटीही ‘मी निर्लेप आहे’ या त्याच्या म्हणण्यावर नसून, सर्व प्राण्यांस आपणांसारखे मानून तो वागतो की नाही, यावर आहे. आईखमान या कसोटीच्या उंबऱ्यावरही उभा राहू शकत नाही. तेव्हा दोष टिळकांच्या नीतीत नाही. दोष आहे तो रूपकात. कारण या नीतीला जी वासना सर्वात धोक्याची वाटते, तिला कचेरीत बसावयास खुर्चीच दिलेली नाही. वकील तटस्थ, न्यायाधीश विचारी, नाझर आज्ञाधारक. मग लाच देणारा बसला कोठे? तो वकिलाच्या टिपणीत बसला आहे, असे आमचे उत्तर आहे.

याच अठराव्या अध्यायात, वरील वचनाच्या थोडे आधी, या रूपकावरील उपायही आहे. कोणतेही कर्म घडावयास पाच कारणे लागतात, असे गीता तेथे सांगते : अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी करणे, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मधील आपल्या टीकेत या पाचांचा सविस्तर विचार केला आहे. आणि लगेच गीता म्हणते की, मनुष्य शरीराने, वाणीने अथवा मनाने जे कर्म करतो, त्या सर्वांस हीच पाच कारणे. मनाने केलेले तेही कर्मच! ते निकालापूर्वीचे कागदपत्र नव्हे. देह पहिल्या क्रमांकावर आहे. तो दार नाही, आधार आहे. कर्ता पाचांतील एक आहे. एकटा आपणच करतो असे मानणाऱ्यास गीता दृष्टिहीन ठरविते. पण पाचांतील एक असल्यामुळे तो सुटत मात्र नाही. सहाव्या प्रकरणाचे रूपक आणि अठराव्या अध्यायाची ही मोजदाद यांत निवड करावयाची झाल्यास आम्ही मोजदाद पत्करू.

ज्या शहरात बसून आम्ही हे लिहीत आहो, तेथे या विचाराची एक शेजारची वाट आहे. आलूर वेंकटरावांनी ‘गीतारहस्य’ कन्नडात आणले. पुढे बंगळूरच्या डी. व्ही. गुंडप्पांनी गीतेवर कन्नडात ग्रंथ लिहिला. त्यास १९६७ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हे गुंडप्पा वृत्तपत्रकार होते आणि १९४५ साली त्यांनी येथे स्थापिलेल्या संस्थेस नाव दिले ते गोखल्यांचे. त्यांच्या ग्रंथाचे नाव ‘श्रीमद्भगवद्गीतातात्पर्य अथवा जीवनधर्मयोग’. शीर्षकाची घडण टिळकांसारखीच, मधला ‘अथवा’ही तोच, फक्त ‘कर्म’ या शब्दाच्या जागी ‘जीवनधर्म’ आला आहे. कर्म म्हटले की ते सुटे काढून मोजता येते, त्यावर निकाल देता येतो. जीवन म्हटले की त्यात सवय आली, देह आला, शेजार आला, आणि निकालापूर्वीच्या हजार बारीक गोष्टी आल्या. एका शब्दाच्या या बदलात आम्हांस सहाव्या प्रकरणावरील एक मूक अभिप्राय दिसतो.

‘गीतारहस्य’ हा मोठा ग्रंथ आहे आणि एका रूपकाच्या उणिवेने तो लहान होत नाही. उलट, त्याच्या कर्त्याच्या आयुष्याकडे पाहिले तर रूपकास त्यानेच उत्तर दिलेले दिसते. १९०८ साली ‘केसरी’तील लेखांची जबाबदारी संपादक म्हणून स्वतःवर घेऊन टिळक कोर्टात उभे राहिले आणि एकवीस तासांहून अधिक वेळ स्वतःच बोलले. वकील तेच, आरोपी तेच. मंडालेत मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने, शाई मिळत नसता, त्यांनी शेकडो पाने लिहिली. त्या पेन्सिलीच्या अक्षरांत मन किती, बुद्धी किती आणि मनगट किती, याची वाटणी कोणी करून दाखवावी. निष्काम कर्माचे शास्त्र ज्याने रचिले, त्याने आपल्या कर्मातून कधी अंग काढून घेतले नाही. त्याच्या वाचकांनी, विशेषतः आमच्यासारख्या टिपण्या लिहून पोट भरणाऱ्यांनी, सहावे प्रकरण वाचताना एवढे स्मरणात ठेविले तरी पुरे : ‘आदेशार्थ सादर’ या शब्दांच्या वर जे लिहिले गेले, तेही आपल्याच हातचे कर्म आहे.